कॅलेंडरमधला आठवडा दर अपडेटला सरकतो, शनिवार आपोआप सुट्टी होतो : कुठं बघायचं आन काय बदलायचं

तक्रार दर वेळी वेगळ्या तोंडाने येते. लातूरचे क्लासवाले म्हणतात सर अपडेट मारला आन टाइमटेबल सोमवारपासून दाखवायलंय, बीडची पतसंस्था म्हणते शनिवारी सगळा स्टाफ हजर होता तरी सिस्टिम सुट्टी धरायली, वाळूजच्या कारखान्यातला एचआरवाला म्हणतो आमचा आठवडा नंबर पुण्याच्या ऑफिसशी जुळंना, आन दुबईच्या पार्टीसोबत काम करणारा पोरगा म्हणतो शुक्रवारचा काय तो एकदा निकाल लावा. प्रत्येकाला वाटतं आपलं दुखणं वेगळं. कोणीतरी कोडमध्ये पहिल्या वाराचा नंबर शून्याचा एक करतं, दोन-चार महिने बरं चालतं, मग नवीन फोन आला की लायब्ररी (दुसऱ्यानं लिहिलेला तयार कोड) बदलली की परत तेच.

गडबड अशी असते की सॉफ्टवेअरमध्ये आठवडा नावाची एकच सेटिंग नसते. तक्त्यात पहिला वार कोणता दाखवायचा ही एक, सुट्टीचे वार कोणते ही दुसरी, वर्षातला पहिला आठवडा कोणता धरायचा ही तिसरी. या तिघींचा एकमेकींशी संबंध नाही आन बहुतेक प्रोग्राम तिन्ही गोष्टी युजरच्या भाषेवरून आपापल्या ठरवून टाकतात. तुमच्या दुकानाची, शाळेची, कारखान्याची खरी सुट्टी तर यातल्या कुठल्याच सेटिंगमध्ये नसते, ती वेगळीच ठेवावी लागते. हे एवढं लक्षात ठेवून खालचं वाचा.

पहिले बघा मशीनवर कोणती इंग्लिश आहे. मराठी आहे का नाही हा नंतरचा प्रश्न, इंग्लिश कोणत्या देशाची आहे ते आधी. आपल्याकडे कॉम्प्युटर बसवून देणारे लोक तारीख आधी आन महिना नंतर दिसावा म्हणून सरळ इंग्लिश युनायटेड किंग्डम लावून देतात, काही मशीन बॉक्समधून काढलं तसंच युनायटेड स्टेट्सवर चालू असतं, आन एखाद्यानं इंग्लिश इंडिया केलेलं असतं. युनिकोडवाल्यांचा सीएलडीआर नावाचा एक डेटा आहे, अँड्रॉइड, आयफोन, ब्राउझर, जावा सगळे थोड्याफार फरकाने तोच वापरतात. त्यात ब्रिटनला आठवडा सोमवारपासून आन सुट्टी शनिवार-रविवार, अमेरिकेला आठवडा रविवारपासून पण सुट्टी तीच शनिवार-रविवार, आन भारताला आठवडा रविवारपासून आन सुट्टी फक्त रविवार. म्हणजे एकाच ऑफिसात तीन टेबलांवर तेच अ‍ॅप तीन रूपं दाखवू शकतं आन तिन्ही आपापल्या जागी बरोबर! त्यामुळे शनिवार लाल होतोय अशी तक्रार आली की कोड उघडायच्या आधी त्या माणसाला भाषा अन रीजनचा स्क्रीनशॉट मागा, निम्मी केस तिथंच सुटते.

विंडोजमध्ये रीजनच्या सेटिंगमध्ये आठवड्याचा पहिला वार बदलता येतो, अँड्रॉइड १४ पासून रीजनल प्रेफरन्सेसमध्ये तो वेगळा दिलाय, नव्या आयफोनवरही लँग्वेज अँड रीजनमध्ये आहे. गुगल कॅलेंडरचं स्वतःचं वेगळं सेटिंग आहे, आउटलुकचं तर तीन जागी आहे : पहिला वार, कामाचे वार, आन वर्षाचा पहिला आठवडा कसा धरायचा. आउटलुकचं हे लोकांना किचकट वाटतं पण माझ्या मते तेच बरोबर आहे, त्यांनी निदान तीन प्रश्न तीन जागी तरी विचारले.

आता कोड लिहिणाऱ्यांसाठी. लायब्ररी बदलली आन आठवडा सरकला, हे सगळ्यात जास्त होतं. जावास्क्रिप्टच्या तारखेच्या लायब्ररी घ्या. मोमेंट आन डेजेएस मध्ये आठवड्याची सुरुवात लोकेलवर, म्हणजे भाषा-देशाच्या सेटिंगवर ठरते, डेट-एफएनएसला काही सांगितलं नाही तर तो रविवार धरतो, लक्सन सरळ सोमवार. मोमेंट काढून लक्सन टाकलं की सगळे रिपोर्ट एक वार पुढं, आन टेस्ट सगळ्या पास, कारण टेस्ट लिहिणाऱ्यानं बुधवारची तारीख घेतलेली असते, आन बुधवार दोन्ही पद्धतीत आठवड्याच्या मधेच येतो. सर्व्हरवरही तसंच. जावा ९ पासून डीफॉल्ट लोकेल डेटा सीएलडीआरचा झाला, आधी जावाचा स्वतःचा होता. डॉटनेट ५ पासून विंडोजवरही आयसीयू, म्हणजे सीएलडीआरचाच डेटा वापरणारी लायब्ररी आली, आधी विंडोजचा डेटा असायचा. व्हर्जन वाढवताना हे कोणाच्या डोक्यात येत नाही, आन मग म्हणायलेत आम्ही तर काहीच बदललं नाही.

मग वारांचे नंबर. जावास्क्रिप्टचं गेटडे रविवारला ० देतं, त्याच जावास्क्रिप्टचं नवीन गेटवीकइन्फो रविवारला ७ म्हणतं. पायथॉनच्या वीकडेमध्ये सोमवार ०, आयएसओवीकडेमध्ये सोमवार १. मायएसक्यूएलमध्ये डेऑफवीक रविवारला १ देतं आन वीकडे सोमवारला ०. पोस्टग्रेसमध्ये डीओडब्ल्यू रविवारला ० आन आयएसओडीओडब्ल्यू रविवारला ७. फक्त रविवारच गायब होत असेल, बाकी सहा वार बरोबर असतील, तर शून्य आन सातचा घोळ आहे असं डोळे झाकून समजा. सगळेच वार एकाने सरकले असतील तर कुठंतरी सोमवार-शून्यवाला आन रविवार-शून्यवाला एकमेकाला भेटलेत. डेटाबेसमध्ये एकच पद्धत ठेवा, सोमवार १ ते रविवार ७, आन बाकीच्यांचं रूपांतर आत येताना अन बाहेर जाताना करा, मधल्या कोडमध्ये कुठंच नको.

दुसऱ्या-चौथ्या शनिवारावर मात्र जरा थांबतो कारण हा बग लई फसवा आहे. १ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसरा आन चौथा शनिवार सुट्टी, पहिला, तिसरा, पाचवा पूर्ण कामाचा. पतसंस्था, क्लिअरिंगवर अवलंबून असलेले व्यापारी, सगळ्यांना हे लागतं. पुष्कळ जणांनी हे असं केलेलं असतं की महिन्याच्या तक्त्यातली दुसरी आन चौथी ओळ घ्यायची, त्यातला शनिवार सुट्टी. तक्ता रविवारपासून असेल तर हे कधीच चुकत नाही, कारण शनिवार ओळीच्या शेवटी असतो आन पहिल्या ओळीत कायम एक शनिवार येतोच. तक्ता सोमवारपासून झाला की ज्या महिन्याची १ तारीख रविवारी येते त्या महिन्यात पहिल्या ओळीत फक्त तो एक रविवार उरतो, शनिवार नसतोच. मग दुसऱ्या ओळीतला शनिवार हा खरा पहिला शनिवार असतो आन प्रोग्राम त्याला दुसरा म्हणतो.

२०२६ मध्ये असे महिने तीन : फेब्रुवारी, मार्च, नोव्हेंबर. फेब्रुवारीत ७ तारखेला सुट्टी धरली जाणार आन १४ तारखेला, म्हणजे बँक खरंच बंद त्या दिवशी, सगळ्यांची गैरहजेरी. २०२७ मध्ये असा महिना एकच, ऑगस्ट. म्हणून हा बग वर्षातून एक ते तीन वेळाच तोंड दाखवतो, तोपर्यंत ज्यानं कोड लिहिला तो पुण्याला गेलेला असतो. उपाय एकदम साधा आहे, ओळी मोजूच नका. तारीख ८ ते १४ मध्ये जो शनिवार येतो तो दुसरा, २२ ते २८ मध्ये येतो तो चौथा, संपलं. तारखेला सातने भागून वरचा पूर्णांक घ्या, तोच त्या वाराचा नंबर. तक्ता कुठूनही सुरू होऊ द्या, फरक पडत नाही.

आठवडा नंबरचं प्रकरण यापेक्षा हळू विष आहे. आयएसओ ८६०१ या तारखांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे आठवडा सोमवारपासून, आन ज्या आठवड्यात वर्षाचा पहिला गुरुवार येतो तो पहिला आठवडा. सीएलडीआरमध्ये भारतासाठी आठवडा रविवारपासून, आन १ जानेवारी ज्यात येते तोच पहिला, मग त्यात नव्या वर्षाचा एकच दिवस का असेना. आता गंमत बघा, २०२३ ते २०२६ या चारही वर्षांत, २०२६ च्या डिसेंबरचे शेवटचे चार दिवस सोडले तर, सोमवार ते शनिवार दोन्ही पद्धतीत नंबर सारखाच येतो, फक्त रविवारी फरक पडतो आन रविवारी रिपोर्ट कोण काढतंय. २०२१ आन २०२२ मध्ये मात्र फरक होता, आन २०२७ मध्ये परत येणार, कारण १ जानेवारी शुक्रवारी आहे. ४ जानेवारी २०२७ चा सोमवार आयएसओत पहिला आठवडा आन आपल्या पद्धतीत दुसरा, आन हे वर्षभर असंच एकाने पुढं-मागं चालणार, २०२८ लाही तेच. वाळूजच्या एचआरवाल्यानं पूर्वी कधीतरी ही तक्रार केली असेल, मग आपोआप मिटली असं सगळ्यांना वाटलं असेल. मिटली नव्हती, कॅलेंडरनं चार वर्षं झाकली होती.

आन २०२६ ला आयएसओचे ५३ आठवडे आहेत हेही ध्यानात घ्या, ज्यांच्या टेबलमध्ये आठवड्याला ५२ ची मर्यादा टाकलेली आहे त्यांचा डिसेंबरअखेरचा डेटा सेव्हच होणार नाही.

याच घरातला दुसरा किडा म्हणजे तारखेच्या फॉरमॅटमध्ये वर्षासाठी कॅपिटल वाय वापरणं. जावात स्मॉल वाय म्हणजे कॅलेंडरचं वर्ष आन कॅपिटल वाय म्हणजे आठवड्याचं वर्ष. भारताचं लोकेल असेल तर २८ डिसेंबर २०२५ चा रविवार या फॉरमॅटने २८ डिसेंबर २०२६ असा छापला जातो, कारण तो आठवडा २०२६ चा पहिला आठवडा आहे. वर्षातले बाकी दिवस सगळं बरोबर छापतंय म्हणून कोणाला शंका येत नाही. फक्त डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांतल्या पावत्यांवर वर्ष चुकलंय असं कोणी म्हणालं तर दुसरीकडं शोधू नका.

कारखान्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. आठवडा कुठून सुरू होतो यावर पैसे ठरतात. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये आठवड्याची व्याख्याच दिलेली होती : शनिवारी मध्यरात्रीपासून पुढचे सात दिवस, किंवा मुख्य निरीक्षकानं त्या भागासाठी लेखी मंजूर केलेली दुसरी एखादी रात्र. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा त्या सात दिवसांवर मोजायची. आता कामगार कायदे नव्या संहितांमध्ये गेलेत तरी हिशोबाचा आठवडा कोणता हा प्रश्न सुटत नाही. समजा एक कामगार सोमवार ते शनिवार रोज आठ तास आला, रविवारीही बोलावला, आन त्याला बदली सुट्टी पुढच्या बुधवारी दिली. आठवडा सोमवार ते रविवार धरला तर ५६ तास झाले, आठ तास जास्तीचे. रविवार ते शनिवार धरला तर तो रविवार पुढच्या आठवड्यात गेला, त्यात बुधवार सुट्टी, दोन्ही आठवडे ४८-४८, जास्तीचं काहीच नाही. कोणीतरी फक्त तक्ता छान दिसावा म्हणून पहिला वार बदलला आन लोकांच्या पगारात फरक पडला, असं होऊ नये म्हणून दाखवायचा आठवडा आन हिशोबाचा आठवडा या दोन वेगळ्या सेटिंग ठेवा. दुसरीला फक्त अ‍ॅडमिनच हात लावील असं करा.

सुट्टीचे वार साठवताना सुरुवात आन शेवट असे दोन रकाने ठेवू नका. सीएलडीआर तसंच ठेवतं, शनिवार ते रविवार, शुक्रवार ते शनिवार, आन त्यात ब्रुनेई बसत नाही, तिथं शुक्रवार आन रविवार सुट्टी, मधला शनिवार कामाचा. लांब जायचीही गरज नाही, एमआयडीसीत विजेच्या स्टॅगरिंगमुळे, म्हणजे विजेचा भार वाटून टाकायला, वेगवेगळ्या भागांत वेगवेगळा वार सुट्टीचा असायचा आन कित्येक युनिटांनी तोच पुढं चालू ठेवला. सात खुणांची यादी ठेवा, हवा तो वार चालू-बंद. आन चालू-बंद एवढ्यानेही भागत नाही कारण आपल्या शाळांना शनिवारी सकाळचीच शाळा असते, तो दिवस ना पूर्ण कामाचा ना सुट्टीचा, म्हणून वाराला तास जोडा.

त्या यादीला कधीपासून लागू ही तारीख असलीच पाहिजे. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून लागला, त्याआधी दुसरा-चौथा शनिवारच सुट्टी होती. जुन्या हजेरीचा रिपोर्ट आज काढला आन सेटिंग आजचीच लावली तर १५ फेब्रुवारी २०२० चा तिसरा शनिवार सुट्टी दिसणार, तेव्हा लोक कामावर होते. दुबईवाल्या पोराचंही तेच. अमिरातीत शुक्रवार-शनिवार सुट्टी होती, १ जानेवारी २०२२ पासून सरकारी कामकाजाला शनिवार-रविवार झाली आन शुक्रवार अर्धा दिवस. तरी शारजानं शुक्रवार, शनिवार, रविवार तिन्ही सुट्टी ठेवली, म्हणजे एका देशाला एक नियम हेही तिथं चालत नाही. सौदीत २०१३ ला गुरुवार-शुक्रवारचं शुक्रवार-शनिवार झालं. देश, भाषा बघून सुट्टी ठरवणारा कोड अशा प्रत्येक बदलाला जुना इतिहास पण बदलून टाकतो.

आन मोंढा! आडतीचं सॉफ्टवेअर करणाऱ्यांना माहीत असेल, कित्येक ठिकाणी अमावास्येला सौदे बंद ठेवायची पद्धत आहे, ती कोणत्याच वाराला बांधलेली नाही. तिला आठवड्याच्या नियमात कोंबायचा प्रयत्न करू नका, वेगळं तारखांचं टेबल करा, वर्षाच्या सुरुवातीला पंचांग बघून भरा, आन तो तक्ता आठवड्याच्या नियमाच्या वर राहील असं ठेवा. त्याच टेबलमध्ये उलट नोंदही चालली पाहिजे, म्हणजे सुट्टीचा वार असून त्या दिवशी चालू, कारण सोयाबीनची आवक वाढली की रविवारी पण काटा चालू असतो.

पंधरा दिवसांनी येणाऱ्या मीटिंगा एका कॅलेंडरमधून दुसऱ्यात नेल्या की सरकतात, याचं कारण डब्ल्यूकेएसटी, म्हणजे नियमातला आठवड्याचा पहिला वार. एका कॅलेंडरमधून दुसऱ्यात नोंदी न्यायचा फॉरमॅट म्हणजे आयकॅलेंडर, त्याच्या नियमांचा कागद आरएफसी ५५४५, आन त्याप्रमाणे तो वार नाही दिला तर सोमवार धरतात. त्याच कागदात उदाहरण आहे : ५ ऑगस्ट १९९७ पासून एक आठवडा सोडून मंगळवार आन रविवार, चार वेळा. सोमवार धरला तर तारखा ५, १०, १९, २४ आन रविवार धरला तर ५, १७, १९, ३१. नियम एकच, दोन तारखा वेगळ्या. एक्सपोर्ट करताना तो वार स्पष्ट लिहा, एवढंच.

ज्यांचं सगळं एक्सेलवर चालतं त्यांनी कामाचे दिवस मोजायला साधं नेटवर्कडेज हे फंक्शन वापरू नका, ते शनिवार-रविवार दोन्ही वजा करतं. एक्सेल २०१० पासून नेटवर्कडेज डॉट आयएनटीएल आहे, त्यात ११ टाकलं तर फक्त रविवार, १५ टाकलं तर फक्त गुरुवार, ७ टाकलं तर शुक्रवार-शनिवार. नाही तर सोमवारपासून सात आकडे लिहा, सुट्टीला १, कामाला ०. दुसरा-चौथा शनिवार यात बसत नाही, त्या तारखा वेगळ्या कॉलममध्ये लिहून सुट्ट्यांच्या जागी द्या. आठवडा नंबर देणाऱ्या वीकनमला २१ दिलं की आयएसओ नंबर येतो, काही नाही दिलं तर रविवारवाला.

मराठी लोकेल लावलं की तारीख देवनागरी आकड्यांत येते, छान दिसते, पण तीच तारीख फॉर्ममधून सर्व्हरला गेली की सर्व्हर ओळखत नाही आन एरर आठवड्याच्या कोडमध्ये दिसते. दाखवायला मराठी आकडे राहू द्या, पाठवताना आयएसओ तारीखच (इंग्लिश आकड्यांत वर्ष-महिना-दिवस) पाठवा.

दुरुस्ती झाली की बुधवारची तारीख घेऊन तपासू नका. २८ डिसेंबर २०२५ छापून वर्ष बघा, ७ आन १४ फेब्रुवारी २०२६ ला बँकेची सुट्टी बघा, ४ जानेवारी २०२७ चा आठवडा नंबर बघा, १५ आन २९ फेब्रुवारी २०२० ला सरकारी ऑफिस बघा, ३१ डिसेंबर २०२१ आन ७ जानेवारी २०२२ चे दोन शुक्रवार दुबईसाठी बघा. आन हे सगळं तीन वेळा चालवा, एकदा इंग्लिश इंडिया, एकदा यूके, एकदा यूएस. तक्ता वेगळा दिसला तरी हरकत नाही, पण सुट्टी, हजेरी आन तास तिन्हीकडं तेच यायला पाहिजेत. कुठं फरक आला तर तो कोड अजून भाषेकडं बघून सुट्टी ठरवायलाय, तिथूनच शोधायला सुरुवात करा.